टँग नॅनो ९के बोर्डावर एफपीजीएची सुरुवात: पहिल्या एलईडीपासून सिरीयल पोर्टपर्यंत

ज्यांनी आर्डुइनो किंवा ईएसपी३२ यांच्यावर थोडेफार काम केले आहे आणि अँड, ऑर, फ्लिप-फ्लॉप ही नावे ज्यांच्या कानावरून गेली आहेत, अशा वाचकांसाठी हा लेख आहे. एफपीजीए, म्हणजे जिच्या आतले सर्किट आपण ठरवतो अशी चिप, शिकू पाहणाऱ्या माणसाचा सुरुवातीचा वेळ सर्किटचे वर्णन करणारी व्हेरीलॉग भाषा शिकण्यात फारसा जात नाही. तो जातो भाषा आणि बोर्ड यांच्या मधल्या जागेत: घड्याळाची पिन कोणती, तिचा व्होल्टेज किती, ड्रायव्हर कोणता हवा, सॉफ्टवेअरने दिलेल्या शेकडो ओळींपैकी कोणती वाचायची. त्यामुळे येथे भाषेच्या व्याकरणावर कमी आणि त्या मधल्या जागेवर अधिक भर दिला आहे. व्हेरीलॉगचे शब्द व आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप कराव्या लागतील.

मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोसेसर आधीच घडवलेला असतो आणि आपण त्याला एकामागून एक सूचना देतो. एफपीजीएमध्ये प्रोसेसर नसतो. तिथे लहान लहान तर्कघटक आणि त्यांना जोडणाऱ्या तारा असतात, आणि कोणता घटक कोणाला जोडायचा हे आपण ठरवतो. झायलिंक्स कंपनीने १९८५ साली आणलेल्या एक्ससी२०६४ या पहिल्या व्यावसायिक एफपीजीएमध्ये असे अवघे ६४ तर्कगट होते. आपण ज्या बोर्डाविषयी बोलणार आहोत त्याच्या चिपमध्ये चार इनपुटांची ८,६४० लुकअप टेबले आणि ६,४८० फ्लिप-फ्लॉप आहेत. लुकअप टेबल म्हणजे सोळा उत्तरांचा छोटा तक्ता. पाढे पाठ असलेले मूल सात नव्वे विचारल्यावर बेरजा करत बसत नाही, थेट त्रेसष्ट म्हणते. तसेच चार इनपुटांची कोणतीही जुळणी समोर आली की हा तक्ता तयार उत्तर बाहेर देतो. असे हजारो तक्ते एकाच वेळी, एकमेकांसाठी न थांबता काम करतात, आणि एफपीजीएचे सगळे बळ या एकाच गोष्टीत आहे. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांकडून येणारे संकेत सतत आणि एकाच वेळी हाताळावे लागतात. तिथल्या वाइडबँड यंत्रणेत त्या कामासाठी व्हर्टेक्स-५ एफपीजीए असलेले रोच बोर्ड वापरले गेले, ते याच कारणाने.

बोर्डाची निवड आणि खरेदी

नवशिक्यासाठी माझी निवड सिपीड कंपनीचा टँग नॅनो ९के हा बोर्ड अशी आहे. त्यावर गोविन कंपनीची जीडब्ल्यू१एनआर-९ ही चिप, २७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, सहा एलईडी, दोन बटणे, एचडीएमआय जोडणी आणि यूएसबी-सी पोर्ट आहे. चिपच्या पोटातच ६४ मेगाबिटची पीएसरॅम ही स्मृती आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डिझाइन भरण्यासाठी लागणारा प्रोग्रामर बोर्डावरच बसवलेला आहे, त्यामुळे वेगळी जेटॅग केबल विकत घ्यावी लागत नाही. बोर्डाची किंमत दोन-तीन हजार रुपयांच्या घरात असते.

याहून मोठा टँग नॅनो २०के हा भाऊ २०,७३६ लुकअप टेबले घेऊन येतो; परंतु शिकताना ९केची जागा संपत नाही, त्यामुळे जास्तीचे पैसे वाचवावेत. सायक्लोन ४ चिपचे जुने बोर्डही स्वस्त मिळतात, पण त्यांना वेगळा प्रोग्रामर लागतो. आर्टिक्स-७ चिपचे बोर्ड उत्तम असतात, मात्र ते बरेच महाग पडतात, आणि त्यांच्यासाठी लागणारे व्हिवाडो हे सॉफ्टवेअर हार्ड डिस्कची कित्येक दहा जीबी जागा व्यापते. घरच्या जुन्या लॅपटॉपवर शिकणाऱ्या विद्यार्थ्याने त्या वाटेला आत्ताच जाऊ नये.

बोर्ड ऑनलाइनच मागवावा लागेल असे धरून चालावे. पुण्याची तापकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड येथे जम्पर वायर, ब्रेडबोर्ड आणि मल्टिमीटर मात्र सहज मिळतात. मोबाइलसोबत आलेली जी यूएसबी केबल घरात पडून असते ती पुष्कळदा केवळ चार्जिंगची असते, तिच्यातून डेटा जात नाही. बोर्डावरचे दिवे लागतात पण संगणकाला बोर्ड दिसत नाही, अशी तक्रार असेल तर ड्रायव्हरच्या मागे लागण्यापूर्वी केबल बदलून पाहावी.

सोल्डरिंगच्या आधी दोन व्होल्टेज लक्षात घ्या

या बोर्डाच्या पिना गटागटांत विभागलेल्या आहेत आणि प्रत्येक गटाचा व्होल्टेज ठरलेला आहे. बहुतेक गट ३.३ व्होल्टचे आहेत. एलईडी आणि बटणे ज्या गटावर आहेत तो मात्र १.८ व्होल्टचा आहे. याचे दोन परिणाम होतात. पहिला असा की आर्डुइनो उनोसारख्या ५ व्होल्टच्या बोर्डाची आउटपुट पिन येथे थेट जोडता येत नाही. जोडल्यास चिप कायमची जाऊ शकते, आणि ती बदलणे घरी शक्य नसते. दुसरा परिणाम सॉफ्टवेअरमध्ये दिसतो: एकाच गटातल्या एका पिनेला १.८ आणि दुसरीला ३.३ असे लिहिले तर सॉफ्टवेअर काम नाकारते. त्रुटीचा संदेश इंग्रजीत लांबलचक असतो, पण त्यात बँक (म्हणजे पिनांचा गट) क्रमांक आणि व्होल्टेजचा आकडा दिसला की कारण हेच समजावे.

पहिल्या प्रयोगांना बाहेरचे काहीही जोडावे लागत नाही. म्हणून हेडर पिना सोल्डर करण्याची घाई करू नये.

सॉफ्टवेअर

दोन वाटा आहेत. गोविन कंपनीचे स्वतःचे सॉफ्टवेअर खिडक्या-बटणांचे आहे आणि त्याची शैक्षणिक आवृत्ती या चिपसाठी परवान्याशिवाय चालते. दुसरी वाट मुक्त साधनांची आहे: सिंथेसिससाठी (व्हेरीलॉगच्या ओळींतून सर्किट घडवण्यासाठी) योसिस, ते सर्किट चिपमध्ये मांडण्यासाठी नेक्स्टपीएनआर, गोविन चिपची अंतर्गत रचना उलगडणारा अपिक्युला प्रकल्प आणि बोर्डात डिझाइन भरण्यासाठी ओपनएफपीजीएलोडर. ही सगळी साधने ओएसएस कॅड सूट या एकाच संचात मिळतात. संच उतरवून घ्यावा, उलगडावा, त्यातली पर्यावरणाची स्क्रिप्ट चालवावी. त्या टर्मिनलमध्ये सर्व आज्ञा उपलब्ध होतात. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींसाठी संच आहे.

मी नवशिक्यांना दुसरी वाट सुचवतो. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये एका बटणाने सगळे टप्पे पार पडतात आणि काही बिघडले की नेमके कुठे बिघडले हे कळत नाही. मुक्त साधनांमध्ये प्रत्येक टप्प्याची वेगळी आज्ञा, वेगळी फाइल आणि वेगळा अहवाल असतो. एचडीएमआयसारखी पुढची कामे करताना कंपनीच्या सॉफ्टवेअरकडे वळावेसे वाटेलही, आणि तेव्हा अवश्य वळावे.

एक सूचना मराठी वापरकर्त्यांसाठी खास. प्रकल्पाच्या फोल्डरच्या नावात देवनागरी अक्षरे किंवा मोकळी जागा ठेवू नये. विंडोजवर वापरकर्त्याचे नावच देवनागरीत असेल तर डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स या फोल्डरांचा संपूर्ण पत्ताही देवनागरी होतो आणि काही साधने अनाकलनीय संदेश देऊन थांबतात. अशा वेळी सी ड्राइव्हवर थेट एक लहान रोमन नावाचे फोल्डर करावे.

पहिले डिझाइन: सेकंदाला एकदा लुकलुकणारा दिवा

ब्लिंक नावाचे एक मॉड्यूल लिहायचे आहे. त्याला क्लॉक हे एक इनपुट आणि एलईडी हे एक आउटपुट. आत काउंट नावाचा एक रजिस्टर. बोर्डावरचा क्रिस्टल सेकंदाला २,७०,००,००० ठोके देतो. दिवा अर्धा सेकंद चालू आणि अर्धा सेकंद बंद हवा असेल तर १,३५,००,००० ठोक्यांनंतर त्याची अवस्था उलटवली पाहिजे. म्हणून ऑलवेज या शब्दाने सुरू होणाऱ्या आणि क्लॉकच्या चढत्या कडेला बांधलेल्या एका गटात इतकेच लिहावे: काउंट १,३४,९९,९९९ इतका झाला असेल तर काउंटला शून्य द्या आणि एलईडीला त्याच्या उलट किंमत द्या, नसेल तर काउंटमध्ये एक मिळवा. मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणून आकडा एकने कमी. १,३५,००,००० हा आकडा पॅरामीटर म्हणून मॉड्यूलच्या माथ्यावर ठेवावा आणि अटीत त्यातून एक वजा करावा. त्याचा उपयोग थोड्याच वेळात येईल.

किंमत देताना साधे = चिन्ह न वापरता <= हे चिन्ह वापरावे. क्लॉकच्या कडेला बांधलेल्या गटात <= वापरले की उजवीकडच्या सर्व किमती आधी वाचल्या जातात आणि मग सगळे रजिस्टर एकदम बदलतात, जसे खऱ्या फ्लिप-फ्लॉपमध्ये घडते. साध्या = चिन्हाने ओळींचा क्रम महत्त्वाचा ठरतो आणि सिम्युलेशन (संगणकावर डिझाइन चालवून पाहणे) व प्रत्यक्ष सर्किट यांत फरक पडू शकतो. सुरुवातीला हा नियम डोळे मिटून पाळावा: क्लॉकच्या गटात <=, क्लॉक नसलेल्या गटात =. त्याचबरोबर एका रजिस्टरला एकाच ऑलवेज गटातून किंमत द्यावी. सी भाषेत एकाच चलाला दहा ठिकाणांहून किंमत दिली तरी चालते. येथे त्याचा अर्थ एका तारेला दोन टोकांकडून दोन वेगळी आउटपुट जोडणे असा होतो.

आता काउंटची रुंदी. २४ बिटांत १,६७,७७,२१५ पर्यंतचा आकडा मावतो, म्हणजे २४ बिट पुरेसे आहेत. समजा चुकून २३ लिहिले. २३ बिटांत ८३,८८,६०७ च्या पुढे मोजता येत नाही, त्यामुळे तुलनेची अट कधीच खरी होणार नाही. व्हेरीलॉगच्या दृष्टीने यात काहीही बेकायदेशीर नसल्याने डिझाइन त्रुटीशिवाय पुढे सरकते. परंतु योसिस चाणाक्ष आहे: अट कधीच खरी होणार नाही, म्हणून एलईडी कधीच बदलणार नाही, म्हणून काउंटचा कोणालाच उपयोग नाही, असे ताडून ते संपूर्ण काउंटर डिझाइनमधून काढून टाकते. बोर्डावर दिवा नुसता स्थिर राहतो. बोर्डाकडे पाहून यातले काहीच समजत नाही, पण सिंथेसिसच्या अहवालात फ्लिप-फ्लॉपांची संख्या पाहिली तर क्षणात उलगडा होतो. बरोबर लिहिलेल्या डिझाइनमध्ये २५ फ्लिप-फ्लॉप मोजता आले पाहिजेत: काउंटचे २४ आणि एलईडीचा १. कोणतेही डिझाइन सिंथेसिसला देण्यापूर्वी किती फ्लिप-फ्लॉप लागतील हे कागदावर मोजावे आणि मग अहवालाशी ताडून पाहावे. माझ्या मते नवशिक्याला लावून घेण्यासारखी ही सर्वांत मोलाची सवय आहे, कारण आपण लिहिलेल्या ओळींतून कोणते सर्किट तयार होते याची समज तिच्यामुळेच येते.

बोर्डाआधी सिम्युलेशन

हा टप्पा वगळण्याचा मोह सर्वांना होतो. एलईडीपुरते ते खपूनही जाते. पुढे मात्र बोर्डाच्या आत नजर टाकण्याचे दुसरे सोपे साधन नसते, कारण येथे प्रिंट लिहून किंमत पाहता येत नाही.

त्यासाठी टेस्टबेंच नावाचे आणखी एक मॉड्यूल वेगळ्या फाइलमध्ये लिहावे. त्याला इनपुट-आउटपुट नसतात. त्यात क्लॉक नावाचा रजिस्टर ठराविक काळाने उलटवत ठेवावा, ब्लिंक मॉड्यूलची एक प्रत बसवावी आणि आधी केलेल्या पॅरामीटरची किंमत १,३५,००,००० ऐवजी १० अशी द्यावी. पॅरामीटर करण्याचे कारण हेच होते: कोट्यवधी ठोक्यांचे सिम्युलेशन करण्यात वेळ आणि डिस्क दोन्ही वाया जातात, आणि तर्क तपासायला दहा ठोके पुरतात. इकारस व्हेरीलॉग या सिम्युलेटरने दोन्ही फाइली एकत्र संकलित कराव्यात, चालवाव्यात आणि तयार झालेली व्हीसीडी फाइल जीटीकेवेव्ह या संकेत दाखवणाऱ्या साधनात उघडावी. संकेतांचे चढउतार रेषांच्या रूपात दिसतात. कडा मोजून पाहाव्यात.

पहिल्याच वेळी काउंटच्या जागी लाल पट्टी आणि एक्स हे अक्षर दिसण्याची शक्यता पुष्कळ असते. काउंटला सुरुवातीची किंमत दिलेली नसली की सिम्युलेटर तिला अज्ञात धरतो, अज्ञातात एक मिळवले तरी उत्तर अज्ञातच राहते, आणि ही लाल पट्टी शेवटपर्यंत सरकत जाते. काउंट आणि एलईडी या दोन्हींना घोषणेच्या ओळीतच सुरुवातीची किंमत द्यावी, म्हणजे पट्टी नाहीशी होईल.

पिनांची फाइल

व्हेरीलॉगमधले क्लॉक हे नाव बोर्डावरच्या कोणत्या पिनेला जोडायचे हे सांगणारी मजकूर फाइल म्हणजे सीएसटी फाइल. या बोर्डावर २७ मेगाहर्ट्झचा क्लॉक ५२ क्रमांकाच्या पिनेवर येतो. सहा एलईडी अनुक्रमे १०, ११, १३, १४, १५ आणि १६ या पिनांवर आहेत. मध्ये १२ नाही, याकडे लक्ष द्यावे. बटणे ३ आणि ४ या पिनांवर आहेत. फाइलमध्ये प्रत्येक नावासाठी आयओ-लोक या शब्दाने पिन क्रमांकाची एक ओळ आणि आयओ-पोर्ट या शब्दाने व्होल्टेजच्या प्रकाराची एक ओळ लिहावी. क्लॉकसाठी एलव्हीसीमॉस३३, एलईडी व बटणांसाठी एलव्हीसीमॉस१८. नावांचे स्पेलिंग व्हेरीलॉगमधल्या नावांशी अक्षरशः, लहान-मोठ्या अक्षरांसकट जुळले पाहिजे.

एलईडी पिनेवर शून्य आल्यावर पेटतात आणि एक आल्यावर विझतात. लुकलुकणाऱ्या दिव्यात हे जाणवत नाही, पण सहा दिव्यांवर द्विमान अंक दाखवायला घेतला की सगळा अंक उलटा दिसतो. आउटपुट देताना नकाराचे ~ चिन्ह लावले की काम होते. बटणांचेही तसेच आहे: दाबल्यावर शून्य.

काही पिनांना दुहेरी काम असते. चिप सुरू होताना त्या डिझाइन भरण्याच्या कामी येतात आणि नंतर सामान्य पिना म्हणून वापरता येतात. गोविनच्या सॉफ्टवेअरमध्ये एखादी पिन राखीव असल्याची तक्रार आली तर दुहेरी पिनांच्या रकान्यात त्या नावापुढे खूण करावी. मात्र जेटॅगच्या पिनांपुढे ती खूण कधीही करू नये. जेटॅग हीच डिझाइन भरण्याची वाट आहे. ती सामान्य पिन करून डिझाइन फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत) भरले तर बोर्डाशी पुन्हा बोलणे अवघड होऊन बसते.

फाइलपासून बोर्डापर्यंत

येथून पुढे चार आज्ञा आहेत. पहिली योसिसची: व्हेरीलॉग फाइल वाचून, सिंथ-गोविन हा आदेश मुख्य मॉड्यूलच्या नावासह देऊन जेसन फाइल तयार करावी. दुसरी नेक्स्टपीएनआरची, त्यातल्या हिंबेखेल या रूपाची: ती जेसन फाइल, सीएसटी फाइल आणि चिपचे नाव घेऊन कोणता तर्कघटक चिपमध्ये कोठे बसेल आणि तारा कशा धावतील हे ठरवते. तिसरी गोविन-पॅकची, जी या मांडणीतून एफएस प्रत्ययाची बिटस्ट्रीम फाइल बनवते. चौथी ओपनएफपीजीएलोडरची, जी ती फाइल बोर्डात भरते.

दुसऱ्या आज्ञेत सर्वाधिक चुका होतात. चिपचे पूर्ण नाव जीडब्ल्यू१एनआर-एलव्ही९क्यूएन८८पीसी६/आय५ असे लांबलचक आहे आणि ते अक्षरशः द्यावे लागते. त्याशिवाय कुटुंबाचे नाव वेगळे सांगावे लागते, आणि ते जीडब्ल्यू१एन-९सी असे आहे. शेवटचा सी विसरला तर दुसऱ्याच घडणीच्या चिपसाठी फाइल तयार होते, सगळे टप्पे विनातक्रार पार पडल्यासारखे दिसतात, आणि बोर्ड ती फाइल स्वीकारत नाही. तिसऱ्या आज्ञेतही हेच कुटुंबाचे नाव, सीसकट, द्यावे. आज्ञा रोज हाताने टाइप करू नयेत. चारही एका स्क्रिप्टमध्ये किंवा मेकफाइलमध्ये लिहून ठेवाव्यात.

नेक्स्टपीएनआरच्या अहवालात शेवटाकडे कमाल वारंवारतेची ओळ असते. आपले डिझाइन जास्तीत जास्त किती मेगाहर्ट्झवर नीट चालेल हे ती सांगते. आज्ञेत २७ मेगाहर्ट्झ ही अपेक्षा स्वतः नोंदवावी, म्हणजे त्या ओळीपुढे पास की फेल हेही येते. लहान काउंटर सहज पास होतो. पुढे एखाद्या डिझाइनमध्ये फेल दिसले आणि तरीही बोर्डावर ते चालले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. खोलीचे तापमान बदलल्यावर किंवा दुसऱ्या बोर्डावर तेच डिझाइन कोसळू शकते.

ओपनएफपीजीएलोडरला बोर्डाचे नाव टँगनॅनो९के असे, मध्ये जागा न सोडता द्यावे. विंडोजवर बोर्ड सापडत नसेल तर झॅडिग या छोट्या साधनाने ड्रायव्हर बदलावा लागतो. बोर्ड संगणकाला दोन उपकरणांच्या रूपात दिसतो: पहिले जेटॅगसाठी, दुसरे सिरीयल पोर्टसाठी. केवळ पहिल्याला विनयूएसबी ड्रायव्हर द्यावा. दुसऱ्यालाही दिला तर सिरीयल पोर्ट नाहीसा होतो आणि शेवटचा प्रयोग अडतो. हा बदल केल्यावर गोविनच्या स्वतःच्या प्रोग्रामरला बोर्ड दिसेनासा होऊ शकतो, हेही ध्यानात असू द्यावे. लिनक्सवर ड्रायव्हरचा प्रश्न नसतो, परवानगीचा असतो. युडेव्हचा, म्हणजे उपकरण वापरण्याची परवानगी देणारा, नियम बसवावा आणि बोर्ड काढून पुन्हा लावावा. प्रत्येक वेळी सुडो वापरून वेळ मारून नेता येते, पण ती सवय चांगली नाही.

साध्या आज्ञेने डिझाइन चिपच्या एसरॅममध्ये जाते आणि यूएसबी काढली की पुसले जाते. कायम राहावे असे वाटत असेल तर फ्लॅशचा पर्याय जोडावा. सराव करताना एसरॅमच वापरावी. ती भरायला वेळ कमी लागतो, फ्लॅशची झीज होत नाही, आणि काही बिनसले तर यूएसबी काढून लावली की फ्लॅशमधले आधीचे डिझाइन परत येते.

बटण: पहिली खरी अडचण

दिवा लुकलुकला की पुढचा प्रयोग बहुतेक जण असा करतात: बटण दाबले की सहा दिव्यांवरचा अंक एकाने वाढवायचा. बटणाची पिन थेट अटीत घातली जाते आणि एका दाबाला अंक भलत्याच संख्येवर उडी मारतो.

याची कारणे तीन आहेत आणि ती वेगवेगळी ओळखता आली पाहिजेत. पहिले, बटण दाबलेले असेपर्यंत अट खरीच राहते आणि सेकंदाला २.७ कोटी ठोक्यांपैकी प्रत्येक ठोक्याला अंक वाढतो. म्हणून बटणाची आधीची अवस्था एका रजिस्टरमध्ये ठेवून, ती एक होती आणि आता शून्य झाली अशा बदलालाच दाद द्यावी. दुसरे, बटणातले धातूचे संपर्क दाबताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि एका दाबाचे अनेक दाब होतात. अवस्था सलग १० मिलिसेकंद स्थिर राहिली तरच ती मान्य करावी. त्यासाठी २,७०,००० ठोके मोजणारा काउंटर लागतो, आणि १८ बिटांत २,६२,१४३ पर्यंतच मोजता येत असल्याने त्याची रुंदी १९ ठेवावी.

तिसरे कारण सूक्ष्म आहे. बटणाला आपल्या क्लॉकची माहिती नसते. ते कोणत्याही क्षणी बदलते, अगदी क्लॉकच्या कडेच्या क्षणीही. अशा वेळी फ्लिप-फ्लॉप शून्य आणि एक यांच्या मध्ये क्षणभर लोंबकळतो, याला मेटास्टेबिलिटी म्हणतात. ही लोंबकळती किंमत चार ठिकाणी वापरली असेल तर दोन घटक तिला शून्य आणि दोन घटक एक समजू शकतात. उपाय सोपा आहे: बाहेरून येणारा प्रत्येक संकेत आधी एकापाठोपाठ दोन फ्लिप-फ्लॉपमधून न्यावा आणि दुसऱ्याचेच आउटपुट पुढे वापरावे. सिम्युलेशनमध्ये हा दोष कधीच दिसत नाही, बोर्डावरही क्वचित दिसतो, आणि म्हणूनच तो दिसण्याची वाट न पाहता हे दोन फ्लिप-फ्लॉप आधीच घालावेत.

तिन्ही भाग स्वतंत्र मॉड्यूल म्हणून लिहिले तर पुढच्या प्रत्येक प्रकल्पात ते जसेच्या तसे उचलता येतात.

संगणकाला अक्षर पाठवणे

बोर्डावरचा प्रोग्रामर संगणकाला सिरीयल पोर्टही पुरवतो, त्यामुळे एफपीजीएकडून अक्षर पाठवायला बाहेरचे काही लागत नाही. एफपीजीएची पाठवण्याची पिन १७ आणि घेण्याची १८ आहे. वेग सेकंदाला १,१५,२०० बिट ठेवला तर एका बिटाच्या वाट्याला २७ मेगाहर्ट्झचे २३४.३७५ ठोके येतात. ठोके अपूर्णांकात मोजता येत नाहीत, म्हणून २३४ घ्यावेत. चूक साधारण ०.१६ टक्के होते. एका अक्षराच्या दहा बिटांत मिळून ती एका बिटाच्या दोन टक्क्यांपर्यंतही पोहोचत नाही, आणि घेणारी बाजू प्रत्येक अक्षराच्या सुरुवातीला नव्याने जुळवून घेत असल्याने ती साचतही नाही.

रिकामी असताना ओळ एकवर असते. पाठवताना आधी एक बिट शून्य, मग बाइटचे आठ बिट सर्वांत कमी किमतीच्या बिटापासून, आणि शेवटी एक बिट एक. यासाठी दोन काउंटर लागतात: २३४ ठोके मोजणारा आणि दहा बिट मोजणारा. टेस्टबेंचमध्ये हे आधी पाहावे. २२४ हा बाइट पाठवला तर सुरुवातीच्या बिटानंतर ओळीवर पाच शून्ये आणि मग तीन एक दिसले पाहिजेत.

२२४ हा आकडा मुद्दाम घेतला आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत अ हे अक्षर २२४, १६४, १३३ अशा तीन बाइटांचे बनते. हे तीन बाइट त्याच क्रमाने, सेकंदाला एकदा पाठवणारे मॉड्यूल लिहावे आणि संगणकावर सिरीयल टर्मिनल उघडावे. लिनक्सवर सहसा दोन पोर्ट दिसतात, त्यातला दुसरा घ्यावा. पडद्यावर दर सेकंदाला एक अ उमटला पाहिजे. अ ऐवजी दर वेळी तीच तीन विचित्र चिन्हे येत असतील तर एफपीजीएचे काम बरोबर आहे, टर्मिनलची अक्षरपद्धती यूटीएफ-८ करावी. चिन्हे प्रत्येक वेळी बदलत असतील तर टर्मिनलचा वेग तपासावा, आणि तोही बरोबर असेल तर बिटाचा काउंटर २३४ ऐवजी २३५ ठोके तर मोजत नाही ना या शंकेत वेळ घालवू नये: तेवढी चूक सहज खपते. अशा वेळी दोष बहुधा बिटांचा क्रम किंवा शेवटचा एक विसरणे यांतला असतो, आणि तो जीटीकेवेव्हच्या रेषेवर लगेच सापडतो.